बरणीतले आणि खड्ड्यातले

आमच्या मटणाच्या दुकानात तराजूच्या वरच्या फळीवर एक काचेची बरणी होती. तिच्यात अठरा वस्तू होत्या. तारेचे तुकडे, दोन सुया, एक वाकडा खिळा, कुंपणाच्या तारेचा काटा, बंदुकीचे छर्रे, आणि देव जाणे कसं, पण एक शर्टाचं बटणसुद्धा. सगळं बकऱ्यांच्या अंगातून निघालेलं. नवीन गिऱ्हाईक असलं की बरणीकडे बोट करून विचारायचंच, "हे काय हो?" मग माझी ताई हातातला सत्तूर खाली न ठेवता सांगायची, "बकऱ्यांचे दागिने."

ताई माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठी. दुकान वडिलांचं, म्हणजे रीतीप्रमाणे सुरी माझ्या हातात यायची. पण मला रक्त बघितलं की घेरी येते. खाटकाच्या पोटी असलं रत्न! वडिलांनी मला दोनदा तोंडावर पाणी मारून उठवलं. तिसऱ्यांदा उठवलंच नाही, तसंच पडू दिलं आणि सुरी ताईच्या हातात दिली. तेव्हापासून मी पाठ वळवून पुढच्या बाजूला बसतो आणि कागदात मटण बांधून देतो. ताई मला 'पुडी' म्हणायची, मग गल्लीही म्हणायला लागली. आज माझे केस पिकले, नाव तेच राहिलं.

ताईचा हात बघण्यासारखा होता. अख्खं बकरं आकड्याला लावलं की तिची बोटं आधी मांसावरून फिरायची, सुरी नंतर. कुठे सांधा आहे, कुठे जुनी जखम आहे, ते तिला बोटांनी कळायचं. मध्येच थांबून ती म्हणायची, "इथं पिशवी आहे."

पिशवी म्हणजे काय ते सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. बकरीनं चरताना तार गिळली किंवा अंगात काटा मोडला, तर शरीराला तो पचवता येत नाही आणि बाहेरही टाकता येत नाही. मग ते त्याच्याभोवती पांढरं, चिवट कातडं चढवतं. थरावर थर. आत ती वस्तू बंद होते आणि बकरी वर्षानुवर्षं चरत राहते. वडिलांचा नियम होता की पिशवी फोडायची नाही, सगळीच्या सगळी उचलून काढायची. फुटली तर आतला पू मांसावर उडतो. त्यांचा दुसरा नियम असा की आपोआप मेलेलं जनावर ठोकळ्यावर चढवायचं नाही. ते थेट दुकानामागच्या खड्ड्यात. हे दोन्ही नियम ताईनं वीस वर्षं पाळले, वडील गेल्यावरसुद्धा.

दाजी आम्हाला बकऱ्या पुरवायचे. स्वतःचा ट्रक, स्वतः चालवायचे. माणूस देखणा, बोलायला गोड, लग्नात माझ्या आईच्या पाया पडताना डोळ्यांत पाणी आणलेलं. आणि पहिल्याच वर्षी त्यांनी ताईचा दात पाडला. मग बरगडी. मग चुलीवरचं पातेलं पाठीवर उपडं केलं. आम्हाला सगळं ठाऊक होतं आणि आमच्या घरात अळीमिळी गुपचिळी. आईचं एकच म्हणणं. "भांड्याला भांडं लागायचंच. मला नाही का मारलं तुमच्या बापानं? मेले का मी?" असं म्हणून ती डावा हात पुढे करायची. त्या हाताची दोन बोटं कधीच सरळ होत नव्हती. तिच्या पलंगावरच्या भिंतीवर तिच्या धाकट्या बहिणीचा, म्हणजे आमच्या मावशीचा फोटो होता. मावशी लग्नानंतर दोन वर्षांतच जिन्यावरून पडून गेली, एवढंच आम्हाला सांगितलेलं. आई हात पुढे करायची तेव्हा फोटो तिच्या पाठीमागे असायचा.

एके दिवशी दुपारी दाजींनी सहा बकऱ्या उतरवल्या. एक लाळ गाळत होती, पाय ओढत होती. ताईनं तिच्या पोटाला हात लावला आणि म्हणाली, "ही आजारी आहे. ही मी कापणार नाही." ट्रकबरोबर आलेले दोन हमाल हसले. तेवढंच झालं, हमाल हसले. दाजी ते जाईपर्यंत थांबले, मग तराजूतलं एक किलोचं लोखंडी वजन उचललं आणि ताईच्या तोंडावर घातलं.

सत्तुराखाली नळीचं हाड फुटतं तेव्हा जो आवाज येतो, अगदी तोच आवाज आला. ताई मटकन खाली बसली. तिचा डावा गाल आत गेला होता आणि डोळा खाली उतरला होता. नाकातून रक्त ठोकळ्याच्या पायावर गळत होतं. मी काय केलं? मी घेरी येऊन पडलो. शुद्धीवर आलो तर तोंडावर पाणी मारणारी ताईच होती. एका हातानं तांब्या धरलेला, दुसऱ्या हातानं स्वतःचा गाल. मी मरेपर्यंत ही गोष्ट मला विसरता येणार नाही, आणि विसरू नयेच.

ते वजन मीच धुतलं आणि तराजूत परत ठेवलं. संध्याकाळी त्यानंच मटण तोललं.

दवाखान्यात आम्ही सांगितलं, ठोकळ्यावर पडली. चेहऱ्याची ऑपरेशनं करणारी डॉक्टरीणबाई वयानं ताईएवढीच. तिनं एक्स-रेचा फोटो दिव्यासमोर धरला आणि म्हणाली, "ठोकळ्याला हात असतील मग." गालाच्या हाडाचा चुरा झाला होता. काही तुकडे जोडले, पण मधली जागा भरून काढायला प्लास्टिकचा एक तुकडा बसवावा लागला. पांढरा, बदामाच्या आकाराचा, जरा मोठा. आधी तिनं तो तळहातावर ठेवून दाखवला.

ताईनं विचारलं, "हे माझ्या अंगाला चालेल?"

"अंगाला विचारून कोण बसवतं?" बाई म्हणाली. "तुमच्या शरीराच्या दृष्टीनं हा घरात घुसलेला परका. बसवल्या क्षणापासून ते त्याच्यावर चालून जाणार. रक्तातल्या पांढऱ्या पेशी येतात, चावून बघतात, चावला जात नाही. मग चार-चार, दहा-दहा जणी एकमेकींत मिसळून एकच मोठी पेशी होते, मोठं तोंड करून गिळायला बघते. तेही जमत नाही. शेवटी शरीर हार मानतं आणि त्याच्याभोवती भिंत घालतं. एक पांढरं आवरण. ते पातळ आणि मऊ राहिलं तर तुम्हाला आयुष्यभर कळणारही नाही."

"पिशवी!" ताई सुजलेल्या तोंडानं म्हणाली. त्या अवस्थेत तिला आनंद झाला होता.

पुढच्या तपासणीला ती बरणी घेऊनच गेली. बाईंच्या टेबलावर दोघी डोक्याला डोकं लावून तारा आणि छर्रे बघत बसल्या. बाईंनी तिला सांगितलं की काही जणांत ही पिशवी आवळत जाते, आतल्या वस्तूला दाबून वाकडी करते. आणि कधी तिथे मार बसला, रक्त साचलं, तर जंतू आत शिरून प्लास्टिकला चिकटतात. तिथे रक्त पोचत नाही, म्हणून औषधही पोचत नाही. मग पिशवी धरत नाही, फुटते. "लाल झालं, गरम लागलं, ठणकलं, तर त्याच दिवशी यायचं. दुसऱ्या दिवशी नाही. डोळ्याच्या मागे लगेच मेंदू आहे." ताईनं मान डोलावली. मी पण डोलावली. मान डोलावण्यात मी पटाईत.

दीड महिन्यानं दाजी ताईला न्यायला आले, आईच्या पायांवर डोकं ठेवून रडले. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही, हे आईनंच आम्हाला लहानपणी शिकवलेलं, पण जावयाला पाहून ती शिकवण विसरली. ताई माझ्याकडे बघत होती. मी एक शब्द बोललो असतो तर ती गेली नसती. मी बोललो, पण काय? "ताई, गालानं प्लास्टिक सांभाळलं, आता तू दाजींना सांभाळ." सगळे हसले. ताईसुद्धा अर्ध्या तोंडानं हसली, पूर्ण हसता येत नव्हतं. त्या विनोदाबद्दल मला चाबकानं फोडायला हवं होतं.

आठ महिने बरे गेले. ताईचा गाल जरा कडक झाला होता, बोटानं दाबला की आत काहीतरी आहे हे लागायचं. ती गिऱ्हाइकांना सांगायची, "माझी पण पिशवी धरली. मेल्यावर बरणीत टाका, एकोणिसावा दागिना."

मग एका सकाळी ती आली ती पदर गालावर घेऊन. दाजींनी मारलं होतं, त्याच गालावर, उलट्या हातानं. दोन दिवसांत गाल लाल झाला, चकचकायला लागला. मी जवळ गेलो तर त्याची धग लागली.

"ताई, दवाखान्यात चल."

"कशाला? परत विचारणार, ठोकळ्याला हात फुटले का म्हणून."

"त्या म्हणाल्या होत्या त्याच दिवशी यायचं."

तिनं सत्तुराच्या टोकानं बरणीकडे दाखवलं. "पुडी, बघ तिकडं. अठराच्या अठरा जणींनी धरलं. एकीलाही दवाखाना नव्हता. मी काय बकरीपेक्षा कच्ची आहे? अंगाला वेळ दे, ते बांधतं भिंत."

आणि मला ते पटलं! हीच तर आमची अक्कल. बाहेरच्या कुणाला हा मूर्खपणा सुचला नसता, आम्हाला सुचला, कारण आम्ही वीस वर्षं डोळ्यांनी बघत होतो. पिशवी धरते. शरीर सांभाळून घेतं. पुरावा फळीवर ठेवलाय. दोन दिवसांचे सहा झाले, सहाचे नऊ. तिला हुडहुडी भरायची, सुरी हातातून सटकायची, डावा डोळा उघडेनासा झाला. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो मी रोज समोर बघत होतो आणि पुड्या बांधत होतो.

अकराव्या दिवशी सकाळी दाजींचा ट्रक आला. एक बकरी वाटेत मेली होती. दाजींनी तिला पायांना धरून ओढत आणलं आणि ठोकळ्यावर टाकलं.

"आत्ताच गेलीय, अजून गरम आहे. गिऱ्हाईक यायच्या आत काप."

"मेलेलं आपण कापत नाही," ताई म्हणाली. तिचे दात वाजत होते.

"काप म्हणतो ना!"

मला वाटलं, ती नाही म्हणणार आणि आता पुन्हा वजन उचललं जाणार. पण तिनं त्या बकरीच्या छातीवर हात ठेवला, बराच वेळ ठेवला. मग म्हणाली, "बरं. बघू दे कशानं मेली," आणि सुरी घेतली.

मी पहिल्यांदाच पाठ वळवली नाही. तिनं छाती उघडली आणि असा वास आला की दाजीही मागे सरकले. आत सगळा पूच पू होता. हिरवट, पातळ, ठोकळ्यावरून खाली ओघळणारा. ताईनं हात घालून चाचपलं आणि बोटांत धरून एक तार बाहेर काढली. वीतभरसुद्धा नव्हती. बरणीत होत्या तशीच तार. ती पोटातून पुढे सरकत हृदयात घुसली होती. वाटेत ठिकठिकाणी पांढऱ्या कातड्याच्या चिंध्या लटकत होत्या. शरीरानं पिशवी बांधायला घेतली होती. एकदा नाही, तीन-चार ठिकाणी. प्रत्येक वेळी ती फाटली होती.

ताई ती तार हातात धरून उभी राहिली.

"पुडी, बरणीत किती आहेत?"

"अठरा."

"आणि मागच्या खड्ड्यात किती बकऱ्या टाकल्या आपण?"

"त्या कुणी मोजल्यात, ताई?"

"तेच म्हणते," ती म्हणाली. "त्या कुणी मोजल्याच नाहीत. त्या कधी ठोकळ्यावर आल्याच नाहीत. ज्या जगल्या तेवढ्याच आपण कापल्या, आणि तेवढ्यांवरून शहाणे झालो."

तिनं सुरी ठेवली, हात धुतले. मग पदर गालावरून काढला आणि दाजींना सरळ म्हणाली, "मी दवाखान्यात चालले. तिथून घरी येणार नाही."

दाजींनी तिचे केस धरले. मान मागे ओढली आणि त्या लालबुंद गालावर सगळ्या ताकदीनं मारलं. गाल फुटला. दुसरा शब्द नाही, फुटलाच. डोळ्याखालची कातडी उकलली आणि पू आणि रक्त दाजींच्या हातावर, शर्टावर, तोंडावर उडालं. त्या भगदाडातून प्लास्टिकचं पांढरं टोक बाहेर आलं. दाजी स्वतःच्या हाताकडे बघून ओरडले, जणू तिनंच त्यांना काही केलं होतं. हात ठोकळ्यावर पुसायला लागले. आणि पुसता पुसता शिवी देऊन दुसरा हात पुन्हा उगारला.

मला त्या दिवशी घेरी आली नाही. तराजूतलं एक किलोचं वजन माझ्या हातात कधी आलं ते आठवत नाही, पण पुढचं सगळं आठवतं. दाजींचा उजवा हात ठोकळ्यावर होता. मी वजन त्याच्यावर घातलं. मनगटाचं हाड मोडलं, तोच आवाज, नळीचा. ते गुडघ्यावर आले. मी पुन्हा त्याच हातावर घातलं. मग तिसऱ्यांदा. पहिला घाव ताईला वाचवायला होता. दुसरे दोन माझ्यासाठी होते, आणि ते घालताना मला बरं वाटलं. न्यायाधीशासमोर मी हेच सांगितलं. वकिलानं कपाळाला हात लावला आणि मला सात महिने आत बसावं लागलं. असो.

त्या सकाळी शेजारच्या लोहारानं आम्हाला त्याच्या टेम्पोत घातलं. डॉक्टरीणबाईनं ताईला बघितलं आणि एकही प्रश्न न विचारता आत नेलं. चार तास लागले. प्लास्टिक काढलं, त्याच्याभोवतीची कुजलेली पिशवीही काढली. आमच्या वडिलांच्या नियमासारखी, सगळीच्या सगळी. बाहेर येऊन तिनं मला बोट दाखवलं, नखापासून पहिल्या पेरापर्यंत. "मेंदूपासून एवढं अंतर उरलं होतं. उद्या आणली असती तर माझ्या हातात काही उरलं नसतं." डोळा वाचला नाही.

मला न्यायला पोलीस यायचे होते, त्याआधी आई वॉर्डात आली. ताईच्या अर्ध्या चेहऱ्यावर पट्टी, हाताला सलाईन. गालाच्या जागी पट्टीखाली खड्डा पडलेला कळत होता. आईनं तिच्या पायांवरून हात फिरवला, डोळे पुसले, नाक ओढलं. मला दोन शिव्या दिल्या, की जावयावर हात टाकलास, आता पोरीला कोण नांदवणार. मग ताईकडे वळली.

"दोन महिने माहेरी राहा. अंगात ताकद येऊ दे. मग मी स्वतः येऊन जावयाची समजूत काढीन. बाईचं अंग सगळं सोसतं, बाई. मला नाही का मारलं तुझ्या बापानं?" तिनं डावा हात पुढे केला, दोन वाकड्या बोटांचा. "मेले का मी?"

ताईनं उघड्या डोळ्यानं त्या हाताकडे पाहिलं. रागावली नव्हती. बोलताना तिला टाके ओढत होते, म्हणून एकेक शब्द सुटा येत होता.

"आई, तू बरणीतली आहेस. तुला विचारून काय उपयोग? खड्ड्यातल्यांना विचारायला हवं."

आईला बरणी माहीत होती, खड्डाही माहीत होता. खाटकाशीच लग्न झालं होतं तिचं. ती पुढे केलेला हात तसाच धरून बसली. परिचारिका येऊन सलाईन बदलून गेली. पलीकडच्या खाटेवरची बाई कण्हत होती. आईनं हात हळूहळू मागे घेतला आणि पदराखाली झाकला. तिला इतकं म्हातारं मी कधी पाहिलं नव्हतं.

"तुमची मावशी," ती म्हणाली.

"काय, आई?" ताईनं विचारलं.

"मी भेटायला गेले होते तिला. ती गेली त्याच्या आदल्याच आठवड्यात. तीच म्हणाली होती, घेऊन चल. मी म्हटलं, थोडं सोस." तिनं ताईचा हात दोन्ही हातांत घेतला. "त्या घराला जिना नव्हता गं. नुसत्या तीन पायऱ्या होत्या."